कडब्यावरचा फ्लेक्स

जामखेडच्या दिवाणी कोर्टात बायडाबाईने काखेतली वळकटी सोडली आणि दहा फुटी फ्लेक्स साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून थेट कारकुनाच्या टेबलापर्यंत उलगडला. कडब्याचा भुसा सगळ्यांच्या फायलींवर उडाला.

दावा मुनीर शिंप्याचा. दोन वर्षांपूर्वी खर्ड्यातल्या मोर्चातल्या लोकांनी त्याचं दुकान पेटवलं, त्याची भरपाई मोर्चा काढणाऱ्याने द्यावी, एवढंच मागणं. प्रतिवादी काकासाहेब म्हणे, मोर्चा माझा नव्हताच, लोक आपसूक जमले. आणि काकासाहेब म्हणजे बायडाबाईच्या भावकीतला पुतण्या. साक्ष दिलीस तर लग्नाकार्याला बोलावणार नाही, असा निरोप कालच आला होता. तरी ती आली.

"हा फ्लेक्स तुमच्याकडे कसा?" काकासाहेबाच्या वकिलाने विचारलं.

"मोर्चा झाला, पन लावनाऱ्यानं ह्यो फ्लेक्स काढला न्हाई. मंग म्या आनून कडब्याची गंजी झाकली. समदं गाव आसंच करतंय."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

वकील गालातल्या गालात हसला. "मग यावर काय लिहिलंय ते कसं सांगता?"

"म्या कुटं सांगते? वाचाया सायेब हायेत की. म्या तोंड वळखते. दोन सालं रोज ह्याच्याच तोंडाखालून कडबा उपसलाय."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, "गाव शुद्ध करायला चला. आयोजक, काकासाहेब." फोटोतला काकासाहेब हात जोडून हसत होता, खुर्चीतला नखं बघत बसला. हौसेने छापलेलं नाव आता लपवणार कुठे? बायडाबाईला स्वतःचा भारी अभिमान वाटला. जन्मात पहिल्यांदाच तिचा शब्द कोणी टाईप करून घेत होतं.

"बाई, हा पुरावा आता कोर्टातच राहील," न्यायाधीश म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. भिजली गंजी तर भिजली."

मागच्या बाकावरून मुनीर न राहवून उठला. "बायडाक्का, गंजीला गोनपाटाचं झाकन मी शिवून देतो. आजच."

"शिव बाबा," पदर सावरत ती पिंजऱ्यातून ताठ मानेने उतरली. "पन त्याच्यावर कुनाचं थोबाड नगं."