आई पाण्यात उतरते

फट्.

बंद न्हाणीघरातून आवाज आला आणि बाहेर पिशवी भरणारा नवरा थबकला. "काय फुटलं गं?"

"मीच," ती आतून म्हणाली. "थोडी सांडलेय. पुसून येते."

फुटलं काहीच नव्हतं. पोहायच्या नव्या कॉस्च्यूमचा पट्टा ओढताना हातातून निसटून खांद्यावर बसला होता. तिने लाल वळ चोळला आणि पट्टा पुन्हा ओढला. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण न्हाणीघर एवढंसं, आरसा समोरच. दंड, मांड्या, पोट. सगळी मंडळी हजर होती.

दाराबाहेर लेक उभी होती. घरात तिला बारकी म्हणत. सुट्टी लागल्यापासून ती पोहायला जात होती आणि सुट्टी लागल्यापासून तिने काठाची दांडी सोडली नव्हती. दांडीला धरून पाय छान मारायची. सोड म्हटलं की ओठ थरथरायचे. काल शिकवणाऱ्या बाई आईजवळ येऊन बसल्या होत्या. "उद्या शेवटचा दिवस. तुम्ही उतरा पाण्यात, तुमच्याकडे येईल ती. भीती घेऊन घरी गेली, तर पुढच्या वर्षी काठाशीसुद्धा यायची नाही."

पहिल्याच दिवशी सगळ्या आयांच्या पिशव्या आणि चपला सांभाळायचं काम आईने आपणहून मागून घेतलं होतं. पाण्यात न उतरायचं ते कारण आता पुरणार नव्हतं.

"आई, झालं?" बारकीने दारावर बोट वाजवलं.

"झालं."

तलावावर कपडे बदलायच्या खोलीतून ती टॉवेल गुंडाळून निघाली. टॉवेलची दोन टोकं एकमेकांना भेटायला तयार नव्हती, म्हणून एका हाताने त्यांची समजूत घालावी लागत होती. नणंद आधीच पाण्यात होती. तिचा मुलगा केव्हाच खोल भागाकडे पोहत सुटला होता.

"वहिनी, बेतानं उतर गं. आमच्यासाठी थोडं पाणी शिल्लक ठेव."

"ठेवते की. तुला घोट्याएवढं पुरेल."

दोघीतिघी हसल्या. तीही हसली. बारकी हसली नाही. दोन्ही हातांनी दांडी धरून ती आईकडे बघत होती, टॉवेल कधी सुटतो याची वाट बघत.

तिने टॉवेल सोडला. कुणाचं काही बिघडलं नाही. पायऱ्या उतरताना गार पाणी पोटाला लागलं आणि तिच्या तोंडून निघालं, "आई गं."

"आई तर तूच आहेस," बारकी म्हणाली.

"हो, विसरलेच. ये मग माझ्याकडे."

बारकीने मान हलवली. "तुलाच कुठे येतं?"

बाई मध्ये पडल्या. "आधी तुम्ही दाखवा तिला. पाठीवर पडा, मी खालून धरते."

"नीट धरा हं. एकट्यादुकट्याचं काम नाही हे."

"पडा तर."

ती पडली. डोळे मिटले, कानात पाणी शिरलं आणि सगळा गलका बंद झाला. आता बुडायचं, एवढंच राहिलं होतं. ती वाट बघत राहिली. बाईंचे हात भरून येतील, त्या कुणाला तरी मदतीला हाक मारतील, मग चौघीजणी मिळून आपल्याला बाहेर काढतील. तसं काहीच होईना. तिने एक डोळा उघडला. "दमलात तर सांगा हो."

बाईंनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून दाखवले. रिकामे, निथळत असलेले.

"मी केव्हाच सोडलंय. तुम्ही तरंगताय. पहिल्याच वेळी असं कुणाला जमत नाही."

"बघू, मीही करते," म्हणत नणंद पाठीवर पडली. आधी तिचे पाय खाली गेले, मग राहिलेली नणंद. वर आली ती खोकतच. "माझं का नाही होत?"

"नुसती हाडं गं तुझी, बुडणारच," ती छताकडे बघत म्हणाली. "जरा खात जा."

या वेळी सगळ्यांच्या आधी तीच हसली. हसताना पोट हललं, पाण्यावर वर्तुळं उठली आणि पसरत पसरत काठापर्यंत गेली. बाईंनी तिला खांद्याला धरून हळूच त्या बाजूला सरकवलं.

आधी एक गार हात तिच्या दंडावर पडला. मग एक गुडघा बरगडीत रुतला. मग अख्खी बारकी पोटावर आली. आई बोटभर खाली गेली आणि पुन्हा वर आली. बारकीचे दोन्ही हात आता आईवर होते. आता कुणी बोललं तर पोरगी दचकायची, हे सगळ्यांनाच कळत होतं.

दोघी काठापासून सुटून हळूहळू पाण्याच्या मधोमध आल्या. बारकीचा श्वास आधी भराभर चालला होता, तो सावकाश होत गेला. तिने पाय लांब केले आणि आईच्या पोटावर गाल टेकला.

"मऊ आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आई, मी मोठी झाले की मलाही असंच पोट येईल ना?"

आईचे कान पाण्यात होते, तरी ते स्वच्छ ऐकू आलं. नणंद खोकायची थांबली. बाई दुसरीकडे बघू लागल्या.

"सांग ना, आई. येईल ना?"