न हलणारा आकडा

वीज गेली आणि आली. पापणी लवावी एवढाच वेळ. पण तेवढ्यात अवंतिकासमोरचा पडदा काळा झाला.

काचेपलीकडं फौंड्रीतली भट्टी बंद पडली होती. आत वितळलेलं लोखंड मात्र तसंच लालभडक होतं, आणि भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी फिरत असायला हवं होतं. ते फिरतंय की नाही, किती तापलंय, हे सगळं अवंतिकाच्या पडद्यावर दिसायचं. पाणी थांबलं तर भोंगाही तिथूनच वाजायचा. वेटोळं तापून फुटलं आणि पाणी त्या लोखंडात गेलं तर कसा स्फोट होतो, हे तिला कामावर आल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या रात्री ती नीट जेवली नव्हती.

भट्टीवर नजर ठेवणारं ते व्हर्च्युअल मशीन होतं. त्याला स्वतःचं अंग नव्हतं. ऑफिसातल्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात ते चालायचं. त्याची डिस्क मात्र आवारापलीकडच्या खोलीत, केबलच्या दुसऱ्या टोकाला. सुरू होताना त्यानं आधी ती गाठायची. अवंतिकानं मशीन सुरू केलं.

‘डिस्कशी जोडणी झाली नाही.’

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“काय झालं?” फौंड्रीचे मालक धैर्यशील मागं येऊन उभे होते.

“डिस्क सापडत नाहीये, सर. पलीकडची यंत्रणा उशिरा जागी होते. थोडं थांबूया.”

“थांबूया? अगं, भट्टीत माल हाय! गोठला तर भट्टी फोडून काढाय लागंल. डिस्कबिगर चालतच न्हाय व्हय?”

चालत होतं. पडद्यावर खाली तसं बटणच होतं: ‘डिस्क वगळून सुरू करा.’

“हाय की! मग दाब की!”

तिनं दाबलं.

पडदा उजळला. पंप हिरवा. पाणी हिरवं. तापमान एक्केचाळीस. धैर्यशीलनी सुस्कारा सोडला, काचेवर टकटक केली आणि ओट्यावर उभ्या असलेल्या, भट्टी चालवणाऱ्या सम्राटला अंगठा दाखवला. सम्राटनं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि भट्टीची वीज चढवली. तिची घरघर काचेतून आत आली.

अवंतिका आकड्याकडं बघत राहिली. एक्केचाळीस. भट्टी पेटली की हा आकडा कधी स्वस्थ बसत नसे. एक पाऊल वर, अर्धं खाली, असा तो चढत जायचा. आता तो हलत नव्हता.

डिस्कच नाही म्हटल्यावर भट्टीकडून येणारी नवी मोजमापं ठेवायला मशीनला जागा नव्हती. सर्व्हरमध्ये उरलेलं, वीज जायच्या आधीचं शेवटचं चित्र तेवढं ते दाखवत बसलं होतं. हे हिरवं मघाचं होतं.

“सर, हे आत्ताचं नाही,” ती म्हणाली. पण त्यांनी ऐकलंच नाही. धैर्यशील पाठ फिरवून फोनवर कुणाला तरी “झालं, झालं चालू,” असं सांगत होते.

आपलं चुकत असेल तर? पंप आपोआप सुरूही झाला असेल. भट्टी उगाच बंद पाडली तर नोकरी जाईल. हे सगळं मनात येत असतानाच ती दार ढकलून बाहेर पळत सुटली होती.

“सम्राटदादा! बंद करा!”

त्यानं कानाला हात लावला. काय? आणि हसून पुन्हा भट्टीत वाकून बघू लागला. लोखंडाचा उजेड त्याच्या गळ्यापर्यंत आला होता.

ती लोखंडी जिना चढली. त्यावर ती आधी कधीच चढली नव्हती. वर तोंड भाजेल अशी धग होती. पॅनेलवरचं लाल बटण तिनं दोन्ही हातांनी दाबलं.

घरघर थांबली.

“काय केलंस?” खालून धैर्यशील ओरडले. “अगं, काय केलंस काय?”

“पाणी बघा,” ती म्हणाली. “मला बोला नंतर. आधी पाणी बघा.”

सम्राटनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता तो उतरला. वेटोळ्यातून परत येणारं पाणी ओट्याखालच्या हौदात पडायचं. मग खालून त्याचा आवाज आला.

“सायेब, पाणी पडंना! पंप बंद हाय! भाईर व्हा सगळी!”

माणसं फाटकाकडं पळाली. अवंतिका पॅनेलपाशीच उभी होती. धैर्यशीलनी वर येऊन दंडाला धरून तिला खाली ओढलं. खाली सम्राट, पंप बंद पडला तर वापरायच्या उंचावरच्या टाकीच्या झडपेचं चाक फिरवत होता. पाइपातून आधी वाफ सुटली, शिट्टीसारखी. मग उकळतं पाणी फुत्कारत आलं. मग, किती तरी वेळानं, सरळ धार लागली.

भट्टी शाबूत होती.

सम्राट ओट्याखालनं बाहेर आला. पाण्यानं भिजलेला, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल.

“म्याडम, लई भ्यालासा की,” तो हसत म्हणाला. “कापाय लागलाय तुमी.”

“हो,” ती म्हणाली.

तो आणखी काही बोलणार होता. पण त्यानं वळून एकदा हौदाकडं पाहिलं आणि तो तिथंच वाळूवर बसला. उठायला गेला, पुन्हा बसला.

“सायेब,” तो हळूच म्हणाला, “मला उठाय येईना झालंय.”

धैर्यशीलनी हात पुढं केला. सम्राटनं तो धरला. दोघांचे जुळलेले हात तसेच थरथरत राहिले, आणि त्यात कुणाचा हात कापतोय ते अवंतिकाला कळेना.