मागांच्या धडधडीत

गिरणीचं संग्रहालय झालं आणि नव्या मालकाने सगळ्यात आधी फेरीला बोलावलं ते शेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्या विणकर बायकांना. चहासुद्धा फुकट. पाणी कुठे मुरतंय ते त्यांच्यातल्या दोघी जावांपैकी थोरलीने तेव्हाच ओळखलं. पाहुण्यांच्या हॉटेलसाठी त्याला त्याच खोल्या हव्या होत्या. तरी ती सगळ्या जणींना घेऊन आली.

गाइड मुलीने बटण दाबलं, तसे स्पीकरमधून शेकडो माग एकदम धडधडले. मालकाने कानांवर हात ठेवले.

आवाज थांबल्यावर गाइड म्हणाली, "या गोंगाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. तरी इथल्या बायकांनी एका दिवसात सगळे माग बंद पाडले. हे कधी ठरलं, ते जुन्या मालकांना मरेपर्यंत कळलं नाही."

"आता कसं शांत आहे," नवा मालक हसला. "बोला आजी, खोल्या कधी सोडताय?"

"सांगते की," थोरली म्हणाली. "पोरी, आधी तो आवाज पुन्हा लाव गं. बरं वाटतं जिवाला."

माग पुन्हा धडधडले. थोरलीचे नुसते ओठ हलले. पार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या धाकट्या जावेने ते बघून मान डोलावली आणि शेजारणीकडे वळून स्वतःचे ओठ हलवले. बघता बघता सगळ्यांचेच हलू लागले. बिचाऱ्या जुनी गाणी म्हणतायत, असं वाटून मालकाने कौतुकाने फोटो काढला.

आवाज थांबला.

"एकही खोली सोडायची नाही, असं ठरलंय आमचं," थोरली म्हणाली.

"कधी ठरलं?"

"आत्ताच. तुमच्या डोळ्यांदेखत."