बुद्धभूषणचा मेसेज

"मावशी, त्याला हात लावू नका!" करुणा ओरडली. पण तोवर पद्माबाईंनी माऊस दाबला होता.

पडद्यावर खिडक्यांमागून खिडक्या उघडल्या. ब्राउझरच्या माथ्यावर आधीच नको ते टूलबार ठाण मांडून होते, त्यांत आणखी एक येऊन बसला. वसमतच्या स्टँडसमोरचं करुणाचं इंटरनेट सेंटर. तिथलं ते मशीन बंद पडलं ते नांदेडहून मेकॅनिक येईपर्यंत.

"लेकानं फोटो धाडला अन् बघायचा न्हाई व्हय?" पद्माबाई रुसून म्हणाल्या.

बुद्धभूषण बापाशी भांडून आखातात कामाला गेला होता. वर्ष होत आलं, ना फोन, ना पत्ता. कुठं आहे, कसा आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता मेसेंजरवर एकदम हे, तेही इंग्रजीत: माझा फोटो बघ, इथे दाब.

"मावशी, हे त्यानं लिहिलंच न्हाई. त्याच्या मेसेंजरला व्हायरस लागलाय. त्यानं तिकडं मशीन उघडलं की त्याच्या नावानं सगळ्यांना लिंक पाठवून राहिला."

"असं का," पद्माबाई म्हणाल्या.

पण पुढच्या बाजाराला आपल्या गावाहून, हट्ट्याहून, एसटीनं बाई पुन्हा हजर. करुणानं त्यांचं मेसेंजरचं खातं उघडून द्यायचं. पद्माबाईंनी हात मांडीवर ठेवून बसायचं. माऊसला शिवायचंसुद्धा नाही. लिंक आली की पिशवी उचलायची, "येते पोरी, जयभीम," म्हणायचं आणि चालू पडायचं. खातं तसंच उघडं. मागून आलेलं गिऱ्हाईक ती लिंक हटकून दाबायचं. मशीन पुन्हा आडवं, मेकॅनिक पुन्हा दारात, आणि त्याचा तो चेहरा, जणू करुणानंच व्हायरस पाळलाय.

दर बाजाराला हेच. करुणाचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी तिनं एकदाचा बंदोबस्त करून टाकला.

त्या बाजाराला पद्माबाई बसूनच राहिल्या. चहा आला, निवला. दुपारची एसटी गेली.

"आज काहून येईना गं?"

"येणारच न्हाई, मावशी. ब्लॉक केलं मी त्याला. आता त्याच्या नावानं काही म्हणता काही यायचं न्हाई. कितींदा सांगू तुमाला? तो तुमचा लेक न्हाई बोलत, बिमारी बोलून राहिली!"

पद्माबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"ते मला ठावं हाय, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "पण तिकडं त्यानं मशीन उघडल्याबिगर बिमारी तरी कशी बोलंल? ती बोलली की मी समजायची, लेकरू जित्तं हाय."