थोरल्याची अट

धाकट्याला आईची किडनी चालणार नाही असं कळलं, तेव्हा वडिलांनी कुणी न सांगताच शर्टाची बाही वर केली. नर्स म्हणाली, "आजोबा, रक्त उद्या घेऊ." तरी त्यांनी बाही खाली केली नाही. रात्री बाकावर तसेच झोपले.

त्यांचीही चालली नाही. मग बहिणीनं तपासून घेतलं. तिचं तर सासरही माहेराच्या मागच्याच गल्लीत. तीही बाद. धाकटा आत मशीनला जोडलेला पडून होता आणि बाहेर त्याला किडनी द्यायला आलेलं अख्खं घर स्वतःच आजारी निघालं होतं. द्यायला आले आणि घेणाऱ्यांच्या रांगेत बसले. कुणी रडलं नाही. आईनं जेवणाचा डबा उघडला, आत बघितलं, पुन्हा झाकण लावलं.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं.

"तुम्ही रंगाच्या कारखान्यामागं राहता का?"

"अगदी भिंतीला भिंत," वडील म्हणाले. "स्वतःचं घर आहे. दारात बोअर आहे."

"त्या पाण्यानंच झालंय हे. कारखान्याचं पाणी जमिनीत मुरतंय. माझे निम्मे पेशंट तुमच्याच बाजूचे आहेत." हे त्यांनी इतक्यांना सांगितलं असावं की आवाजात काही उरलं नव्हतं. "यापुढं ते प्यायचं नाही. त्यात शिजवायचं नाही. आंघोळसुद्धा शक्यतो नको."

"मग राहायचं कसं?" आईनं विचारलं.

नर्सनं दारातून हाक मारली, डॉक्टरीणबाई उठून गेल्या.

"कालची पोर, हिला काय कळतंय," वडील बाहेर येऊन म्हणाले. "आमचं पाणी गोड आहे. हेच पाणी पिऊन माझा बाप नव्वदीला टेकला."

"तेव्हा कारखाना नव्हता, बाबा," बहीण म्हणाली. वडिलांनी तोंड फिरवलं.

आता राहिला थोरला. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. वडील सुतार. धाकटा शाळा सुटल्यापासून त्यांच्या हाताखाली, सांगतील ते ऐकणारा, समोरून आवाज न चढवणारा. थोरला म्हणजे दुसरं टोक. एकदा या दिवट्यानं बापाची हत्यारांची पेटी विकली आणि मित्रांबरोबर समुद्र बघून आला. हात हलवत परत आला तेव्हा वडिलांनी दार उघडलं नाही. आई आतून रडली, तो बाहेर सकाळपर्यंत बसला आणि मग उठून गेला. ब्याद टळली, असं वडील चारचौघांत म्हणाले. धाकट्याला मात्र त्यांनी एक दिवस नजरेआड केलं नाही. त्याला परगावी चांगलं काम मिळत होतं, तेही घेऊ दिलं नाही. म्हातारपणाची काठी ती, दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची?

"फोन करून बघते," बहीण म्हणाली. "पण बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस तो. तो कसला येतोय."

तो आला. ट्रक हॉस्पिटलबाहेर उभा करून, अंगावरच्या कपड्यानिशी. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. वडिलांनी फक्त मान हलवली. तपासण्या झाल्या. सगळं जुळलं.

"एकदम ठणठणीत आहात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "राहता कुठं?"

"ट्रकमध्ये," तो म्हणाला, आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

त्या गेल्यावर थोरला उभाच राहिला. किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात करत होता.

"किडनी देतो," तो म्हणाला. "पण माझी एक अट आहे."

बहिणीनं आईकडं बघितलं. घर नावावर मागणार, दुसरं काय. खोटं कशाला बोला, आईच्याही मनात तेच आलं.

"मला घरी यायचंय, बाबा. कायमचं. बायको आहे, लहान पोरगी आहे. तिला अजून आजोबा माहीत नाहीत. मी चुकलो. बास झालं आता. मला घरात घ्या."

आईनं पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांत ती आत्ता रडली.

"नाही," वडील म्हणाले.

"अहो," आई म्हणाली, "पोटचं पोर आत मरतंय. आता तरी हट्ट सोडा."

"सांगितलं ना, नाही. हा त्या घरात पाऊल टाकणार नाही. याची पोरगीही नाही."

थोरल्यानं किल्ल्या खिशात टाकल्या. तो जिन्याकडं वळला. बहीण त्याला अडवायला उठली, पण तिच्याआधी वडील उठले. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी नेऊन उभं केलं. काचेपलीकडं धाकटा डोळे मिटून पडला होता. तोंड सुजलं होतं. भावाला भाऊ पटकन ओळखू आला नाही.

"दोन पोरं माझी," वडील म्हणाले. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "एकाला हाकलून दिलं, एकाला जिवापाड जपून घरात ठेवलं. दोघांतला धड कोण राहिला, बघ."