जिन्यातला वास

घंटी वाजली तेव्हा गेर्लिंडे श्टाडलरची बोटं राळेनं चिकट झाली होती. तिनं त्यांना तेल चोळून पाहिलं, पण चिकटा सुटेना. शेवटी हात एप्रनच्या खिशात घालून तिनं कोपरानंच दार उघडलं.

दारात वरच्या मजल्यावरचा लेवान उभा होता. दोन वर्षांपूर्वी जॉर्जियातून आलेला, शहर बसवरचा ड्रायव्हर. अंगात कामावरचा निळा कोट, हातात सोसायटीचं पत्र.

"माफ करा हं, श्टाडलरबाई, न सांगता आलो. पण ह्यात काहीतरी चूक झालीये."

पत्र वाचायची तिला गरज नव्हती. जिन्यात दोन आठवडे गांजाचा वास येतोय आणि तो लेवानच्या घरातला आहे, त्याला घर सोडायला लावा, अशी तक्रार. खाली अकरा सह्या. तिसरी सही तिची. तिसऱ्या मजल्यावरची वाल्ट्राउड सोमवारी कागद घेऊन आली, तेव्हा चष्मा शोधण्यात तिनं जमेल तेवढा वेळ घालवला होता. मग चष्मा सापडला होता.

"बाकीच्यांचं मला काही वाटत नाही," लेवान म्हणाला. "ते मला ओळखतच नाहीत. पण तुम्ही तर रोज माझ्या बसनं जाता. म्हटलं, बाईंना काहीतरी भलतंच सांगून सही घेतली असेल. तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर फार बरं होईल. पुढच्या महिन्यात माझी बायको येतेय. राहायला घर नसेल तर तिला व्हिसा देत नाहीत."

बोलता बोलता तो थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. नजर तिच्या खांद्यावरून आत गेली, अडगळीच्या खोलीच्या दाराकडे. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला होता.

गेर्लिंडेचे कान तापले. इथल्या नव्या कायद्यानं माणशी गांजाच्या तीन झाडांची मुभा होती आणि तिनं तीनच लावली होती, बाल्कनीत घेवड्याच्या वेलाआड, संधिवातानं वाकड्या झालेल्या बोटांसाठी. पोलिसांची भीती नव्हतीच. चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई घरात गांजा वाळवते, एवढंच लोकांना कळायला नको होतं.

लेवाननं पत्राची घडी घातली, मग घडीची घडी घातली.

"दार लावून घ्या, बाई," तो हळूच म्हणाला. "वास बाहेर जातोय."

आणि तो जिना चढून गेला.

तिनं दार लावून घेतलं. मग अडगळीच्या खोलीत गेली. सुतळीवर उलट्या टांगलेल्या फांद्यांखाली, फळीवर, आधी वाळलेल्या कळ्यांच्या काचेच्या बरण्या होत्या. रोज झाकण काढून ती त्यांना वारा देत असे. त्यातली एक बरणी उचलून ती तिसऱ्या मजल्यावर वाल्ट्राउडकडे गेली.

"जिन्यातला वास माझ्या घरातला आहे," ती दारातच म्हणाली. "गांजा मी लावला, मीच वाळवते. तो कागद परत घे."

वाल्ट्राउडनं झाकण उघडलं, हुंगलं, आणि तिचा चेहरा एकदम मवाळ झाला.

"त्यानं लपवायला दिली ना ही तुझ्याकडे? आत्ताच तुझ्याकडून वर जाताना पाहिलं मी त्याला." तिनं गेर्लिंडेच्या दंडावर हात ठेवला. "तू फार भाबडी आहेस गं. कुणीही येऊन दोन टिपं गाळली की तू विरघळतेस. ही राहू दे माझ्याकडे. सोसायटीत दाखवायला बरी."

गेर्लिंडेनं बरणी दोन्ही हातांनी हिसकावून घेतली. "खाली चल माझ्याबरोबर."

"आत्ता?"

"आत्ता."

अडगळीच्या खोलीचं दार उघडल्यावर वाल्ट्राउड उंबऱ्यातच थांबली. तिनं सुतळ्या पाहिल्या, फांद्या पाहिल्या, खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावरची छाटलेली पानं पाहिली. मग पुढे होऊन तिनं स्वतःच ते दार ओढून घेतलं.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "आणि तूही कुठे बोलू नकोस. लोक तुझ्याकडे लेकरं पाठवतात गाणं शिकायला."

"आणि लेवान?"

"तो तरुण आहे. त्याला मिळेल की दुसरीकडे घर."

सोमवारी सही करताना गेर्लिंडेनं मनाची समजूत घातली होती ती ह्याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ते कसे वाटतात, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

वाल्ट्राउड गेल्यावर तिनं स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि बाहेर, दारासमोर जिन्याच्या मोकळ्या जागेत आणून ठेवली. घराचं दार सताड उघडलं. अडगळीच्या खोलीचंही. सुतळीवरची सगळ्यात मोठी फांदी सोडवून ती मांडीवर घेऊन बसली आणि कात्रीनं पानं छाटू लागली. बोटं वळत नव्हती. एकेका पानाला दोनदोनदा कात्री लावावी लागत होती.

पाच वाजत आले होते, लोक कामावरून परतायची वेळ. खालचं मोठं दार वाजलं. कुणीतरी पिशव्या घेऊन वर येत होतं, वळणावर थांबून दम खात.

गेर्लिंडेचा चेहरा गळ्यापर्यंत पेटला. तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली, खालून येणाऱ्याला सरळ दिसेल अशी.