दोन उकळ्या

"व्याही, मासा शिळा आणला तुम्ही!"

नंदाचे सासरे कारभारी यांनी वाटीत बोट फिरवलं. मासा कुठंच नव्हता. नुसता लगदा आणि काटे. पंगतीला बसलेल्या चौघा भाऊबंदांनीही माना डोलावल्या.

नंदाचा बाप पुंजाराम खाली बघत बसला. गोदाकाठावरून दोन मरळ मासे ओल्या पोत्यात गुंडाळून, दोन एस.ट्या बदलून तो पिंपळगावला लेकीच्या सासरी आला होता. दर स्टँडवर उतरून पोत्यावर पाणी मारत आला होता.

दारात उभ्या नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. या घरात मासा आतल्या चुलीवर चढत नाही. अंगणात तीन दगडांवर शिजतो, आणि शिजवतात पुरुष. मटणाला कारभारींचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. नंदानं कापून दिलेला मासाही त्यांनी बोकडासारखाच रांधला. तासभर रटरटवला, वर पळीनं ढवळत राहिले.

नंदानं दारातून दोनदा सांगितलं होतं, "मामंजी, मरळीला दोन उकळ्या बास. ढवळू नका, पार मोडंल."

"मला शिकवून राह्यली का? पाव्हण्यांना कच्चं खाऊ घालू?" असं म्हणून त्यांनी आणखी दोन लाकडं सारली होती.

आणि आता तेच मिशीवरून हात फिरवत होते. "नदीकाठी राहून मासा पारखता येईना! बाजारात उरलासुरला उचलला असंल. लेकीच्या घरी द्यायला काय, काही बी चालतं."

पुंजारामानं ताट बाजूला सारलं आणि हात धुवायला पाणी मागितलं. भाकरी अख्खी होती.

तांब्या न भरताच नंदा मोरीकडे गेली. नवरा उद्या जालन्याहून येणार म्हणून दुसरा मासा तिनं घंगाळात ठेवला होता. ते घंगाळ उचलून ती तडक पुरुषांच्या पंगतीत शिरली. लग्नाला सहा वर्षं झाली, तिथं तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. तिनं ते कारभारींच्या पुढ्यात आदळलं.

मासा उसळला. पाणी कारभारींच्या तोंडावर उडालं, ताटात पडलं.

"ह्यो बी त्याच पोत्यातला हाय, मामंजी. शिळा हाय न्हवं? घ्या, ह्याला बी तासभर उकळा."

घंगाळात मासा शेपटी आपटत राहिला.

पुंजारामानं ताट पुन्हा पुढं ओढलं आणि भाकरी मोडली.